कॉम्प्युटरमधून नको असलेला अँटिव्हायरस मुळापासून कसा काढायचा?

फोनवरचं ॲप नको झालं की आयकॉन दाबून धरायचा, अनइन्स्टॉल करायचं, विषय संपला. घरच्या विंडोज कॉम्प्युटरवरचा अँटिव्हायरस मात्र असा जात नाही. डेस्कटॉपवरचा आयकॉन डिलीट केला तरी तो आत चालूच असतो. त्याचा फोल्डर उडवायला गेलात तर विंडोज परवानगी नाकारतं. आणि दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात 'तुमची मुदत संपली' हा मेसेज पुन्हा हजर! मग घरात ज्याला फोनमधलं जास्त कळतं त्याच्या गळ्यात हे काम पडतं, म्हणजे बहुतेक तुमच्याच.

असं का होतं? फोनवर प्रत्येक ॲप आपापल्या खोलीत बंद असतं. अँटिव्हायरस मात्र विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, स्वतःचे ड्रायव्हर बसवतो. कुठलीही फाइल उघडली की ती आधी त्याच्या नजरेखालून जाते. शिवाय व्हायरसने आल्या आल्या त्यालाच बंद पाडू नये म्हणून त्यात 'सेल्फ प्रोटेक्शन' असतं. ते व्हायरसला अडवतं तसंच तुम्हालाही अडवतं. ही मुळं किती खोल असतात ते १९ जुलै २०२४ ला जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळी स्क्रीन दाखवत बंद पडले. त्यामुळे फोल्डर आणि रजिस्ट्रीतल्या नोंदी हाताने उडवू नका. ड्रायव्हरची फाइल गेली आणि नोंद राहिली, तर नेट बंद पडू शकतं किंवा विंडोजच सुरू होत नाही.

काढण्याआधी

लायसन्स की लिहून ठेवा. मुदत शिल्लक असेल तर नव्या लॅपटॉपवर ती कामी येईल. क्वारंटाइनमध्ये तुमच्या कामाची एखादी फाइल अडकलेली नाही ना, तेही बघा, कारण सॉफ्टवेअरबरोबर तीही जाऊ शकते. महत्त्वाचे फोटो आणि कागदपत्रं पेनड्राइव्हवर घ्या.

आता उदाहरणच घ्यायचं तर क्विक हीलचं घेऊ. काटकर बंधूंची ही पुण्याची कंपनी. पुण्याबाहेरची पहिली शाखा त्यांनी नाशिकमध्येच काढली होती, त्यामुळे इथल्या घरांत हे नाव जुनं आहे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स असं जा. नावासमोरच्या तीन टिंबांवर क्लिक करून अनइन्स्टॉल निवडा. इथे दोन पर्याय येतात: एक अपडेटच्या फाइल्स ठेवून काढण्याचा, दुसरा 'कम्प्लीटली' म्हणजे पूर्ण काढण्याचा. दुसराच निवडा. कोणी पासवर्ड लावून ठेवला असेल तर तो आधी विचारला जाईल.

मग रीस्टार्ट करा. शटडाउन करून पुन्हा चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे! 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाउनमध्ये कर्नलची जुनी अवस्था डिस्कवर साठवली जाते आणि तीच परत उघडते. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं.

तरीही अवशेष राहिले तर

अनेक कंपन्या यासाठी वेगळं मोफत टूल देतात. मॅकॅफीचं एमसीपीआर, अवास्टचं अवास्ट क्लिअर, एसेटचं अनइन्स्टॉलर. ते कंपनीच्या मूळ वेबसाइटवरूनच घ्या. सर्चमध्ये वर दिसणाऱ्या जाहिराती आणि 'कस्टमर केअर'चे नंबर यांच्या नादी लागू नका. फोनवरचा माणूस एनीडेस्क टाकायला सांगू लागला तर सरळ फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा.

यातली काही टूल्स सेफ मोडमध्ये चालवावी लागतात. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक करा, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि शेवटी ४ चा आकडा. मात्र तिथे पिनऐवजी खात्याचा पासवर्ड लागू शकतो, आणि बिटलॉकर चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. दोन्ही हाताशी असल्याशिवाय सेफ मोडच्या वाटेला जाऊ नका.

खरंच गेला का हे बघायचं असेल तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि इंग्रजीत एफ-एल-टी-एम-सी ही पाच अक्षरं टाइप करून एंटर दाबा. फाइल्सवर नजर ठेवणाऱ्या ड्रायव्हरची यादी दिसेल. त्यातला 'डब्ल्यूडीफिल्टर' मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचा आहे, त्याला हात लावू नका. काढलेल्या कंपनीचा ड्रायव्हर दिसला तर तिचं टूल अजून चालवायचं बाकी आहे.

शेवटी विंडोज सिक्युरिटी उघडून 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' बघा. दुसरा अँटिव्हायरस गेला की डिफेंडर आपोआप चालू होतो. घरगुती वापराला, विंडोज अपडेट होत असेल तर, माझ्या मते तो पुरेसा आहे.

दोन गोष्टी अनइन्स्टॉल करून जात नाहीत. पहिली, ऑटो रिन्यूअल. ते कंपनीच्या वेबसाइटवरच्या खात्यात जाऊन बंद करा, आणि यूपीआय ॲपमधला ऑटोपेही तपासा, नाहीतर सॉफ्टवेअर नसताना वर्षभराचे पैसे कापले जातील. दुसरी, 'तुमच्या कॉम्प्युटरला धोका आहे' असे कोपऱ्यात येणारे मेसेज. ते अनेकदा अँटिव्हायरसचे नसतातच. कधीतरी चुकून 'अलाऊ' केलेली एखादी वेबसाइट ते पाठवत असते. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे जाऊन अनोळखी नावं काढून टाका.