निजलेला स्नायू

हृदयविकाराचा झटका ओसरला की घरचे सारे एकच विचारतात, हृदय किती वाचले? काळवंडलेला भाग मेला की नुसता निजला, हे ई.सी.जी.वरून खात्रीने सांगता येत नाही. ते सांगण्याची विद्या बऱ्याच हातांतून घडली.

१९२० च्या दशकात बॉस्टनच्या डॉ. हर्मन ब्लुमगार्ट यांनी एका हातात किरणोत्सारी द्रव्य टोचून ते दुसऱ्या हाती किती वेळात पोचते हे मोजले. पुढे १९५० च्या दशकात बर्कलीत हॅल अँगर यांनी गॅमा कॅमेरा घडवला आणि १९७० च्या दशकात थॅलियम-२०१ हाती आले. या थॅलियमची गंमत मोठी आहे. जिवंत पेशी त्याला पोटॅशियम समजून आत घेते. मेलेल्या पेशीचे दार बंदच. व्यायामानंतर एक चित्र, काही तासांनी दुसरे. दोन्हींत डाग दिसला की डॉक्टर त्या भागावर पाणी सोडत.

मुंबईत जन्मलेल्या डॉ. शहाबुद्दीन रहिमतुला यांनी १९८० च्या दशकात वेगळाच विचार रुजवला: रक्त कमी मिळाले की स्नायू, चिखलात दडलेल्या बेडकासारखा, काम थांबवून तग धरतो. १९९० मध्ये अमेरिकेतील बेथेस्डा येथे डिल्सिझियन, बोनो आणि सहकाऱ्यांनी विश्रांतीत थॅलियमची आणखी थोडी मात्रा दिली, आणि कायमचे मानलेले जवळजवळ निम्मे डाग उजळले! अशा भागाला बायपासने रक्त मिळाले, तर काही महिन्यांनी पुन्हा काढलेल्या चित्रात तोच स्नायू हलताना दिसू शकतो.