सासणे मळ्यातला दवाखाना

पुण्याच्या प्लेगचं नाव निघालं की गाडी थेट प्लेग अधिकारी रँड आणि गणेशखिंडीतल्या त्याच्या खुनावर जाते. मी हडपसर भागात आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली, म्हणून असेल, पण माझं मन त्याआधीच्या महिन्यांत अडकतं.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. बघता बघता तो पुण्यात आला. ४ फेब्रुवारी १८९७ ला सरकारने साथरोगाचा कायदा केला. इकडे सावित्रीबाई फुल्यांनी फौजेत डॉक्टर असलेल्या मुलाला, यशवंताला, बोलावून घेतलं आणि शहराबाहेर हडपसरजवळच्या सासणे मळ्यात दवाखाना उघडला. त्यांच्या सत्यशोधक मंडळींना हे नवं नव्हतं. १८७७ च्या दुष्काळात त्यांनी अन्नछत्रं चालवली होती.

मुंढव्याच्या महारवाड्यातल्या गायकवाडांच्या प्लेग झालेल्या पोराला, पांडुरंगाला, बाईंनी पाठीवर घेऊन मळ्यात आणलं. तेव्हा त्यांचं वय ६६. प्लेगची गाठ बहुतेक वेळा जांघेत येते. रोगी पाय पोटाशी घेऊन पडून राहतो, सरळ केला तरी कळ मस्तकात जाते. आणि पाठुंगळी घ्यायचं म्हणजे पाय फाकवायलाच हवेत! या प्रसंगाच्या चित्रात हे दिसत नाही. रोग उंदरावरच्या पिसवांतून पसरतो हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवलं १८९८ मध्ये, म्हणजे बाईंनी नेमकं कशाला जपायचं, हे सांगणारं तेव्हा कोणीच नव्हतं. १० मार्च १८९७ ला त्या प्लेगनेच गेल्या.

पुढे गोऱ्या सोजिरांची घरझडती सुरू झाली. टिळकांनी शहर सोडलं नाही, हिंदूंसाठी प्लेगचं रुग्णालय काढलं, काम मोठंच. पण तेव्हाची बरीच खासगी रुग्णालयं जातीजमातीपुरती होती, कारण परक्याच्या हातचं पाणी चालत नसे. महारवाड्यातून स्वतः उचलून आणणारी बाई वेगळी वाटते ती इथे.

लोकांना धास्ती रोगाइतकीच घरातून उचलून नेण्याची होती. ती अजून गेलेली नाही. कोविडात आम्ही मांजरी-मुंढव्याकडे दारोदार फिरलो, तर ऑक्सिमीटर बोटाला लावायच्या आधीच म्हाताऱ्या विचारायच्या, "ताई, नेणार कुठं? अन् सोबत कोण येणार?"