खोका म्हटलं की खोका

बेंगळुरूत रात्रीचे अकरा वाजलेत. हेब्बाळच्या उड्डाणपुलावरून देवनहळ्ळीच्या विमानतळाकडे धावणाऱ्या गाड्यांचे दिवे वॉर्डाच्या काचेवरून सरकत जातात. उद्या सकाळी तुमची अँजिओग्राफी. ‘बाबा, आता झोपा बघू’ म्हणून मुलगी बाजूच्या बाकड्यावर आडवी झाली आहे. मघाशी संमतीपत्रावर सही करताना तुम्ही त्यात ‘मृत्यू’ हा शब्द वाचलात आणि कुणापाशी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. सिस्टर ब्लडप्रेशर मोजते, आकडा पाहते आणि म्हणते, ‘भयपडबेडि, एनू आगल्ल.’ घाबरू नका, काही होत नाही.

झोप तर येणार नाहीच. चला, मागे जाऊ.

पहिला मुक्काम इथंच, इ. स. ७५०च्या सुमाराला. गंग राजा श्रीपुरुषाचं राज्य आहे. पूल नाही, इस्पितळ नाही. हेब्बाळचं तळं बांधलं जायलाही अजून जवळजवळ आठशे वर्षं आहेत. एका शिळेवर छिन्नी चालली आहे. चाल करून आलेल्यांशी लढताना कित्तय्या नावाचा वीर पडला, ते कोरलं जातंय. ही शिळा पुढे २०१८मध्ये याच परिसरात सापडणार आहे. तुम्ही वाकून पाहता. कित्तय्या लढला आणि मेला. आदल्या रात्री त्याचा डोळा लागला होता का, हे शिळा सांगत नाही. आपल्याकडेही, कोल्हापूर-सांगलीच्या गावांत देवळांबाहेर असे वीरगळ उभे आहेत. त्यांच्या सावलीत वाढलेली आपण माणसं. छातीत कळ आली तरी ‘पित्त झालं असेल’ म्हणून गप्प राहतो. भीती बोलून दाखवायची नसते, हे आपल्याला फार लहानपणी शिकवलं गेलं, आणि त्यानं आपलं नुकसानच केलं आहे.

दुसरा मुक्काम जर्मनी, एबर्सवाल्डे, १९२९चा उन्हाळा. लहानसं इस्पितळ, दुपारची सामसूम. पंचविशीतला व्हर्नर फोर्समान समोर उभा आहे. हाताच्या शिरेतून नळी थेट हृदयापर्यंत नेता येईल, असं त्याला वाटतं. वरिष्ठांनी सक्त मनाई केली आहे. निर्जंतुक साहित्य ज्यांच्या ताब्यात, त्या परिचारिका गेर्डा डिट्झेन ‘माझ्यावर प्रयोग करा’ म्हणून पुढे आल्या आहेत. तो त्यांना टेबलाशी बांधतो आणि त्यांच्या नकळत स्वतःच्याच डाव्या कोपराजवळची शीर उघडतो. मूत्रमार्गासाठी वापरतात ती बारीक नळी आत सरकू लागते. पासष्ट सेंटिमीटर. नळी तशीच हातात ठेवून तो जिना उतरतो, क्ष-किरणांच्या खोलीत जातो. पडद्यावर नळीचं टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात दिसतं आहे, आणि हा माणूस उभा आहे, बोलतो आहे.

तोवर जिवंत माणसाच्या हृदयात नळी घालणं म्हणजे मरण, अशीच बहुतेकांची समजूत होती. फोर्समानला त्या धाडसाबद्दल फारशी शाबासकी मिळाली नाही. पुढे तो मूत्ररोगांकडे वळला. नोबेल मिळालं ते १९५६मध्ये, त्याचं काम पुढे नेणाऱ्या कुर्नांद आणि रिचर्ड्स यांच्यासोबत. तुमच्या हृदयाकडे जाणारी वाट एका माणसानं आधी स्वतःच्या शरीरावर चालून पाहिली आहे, एवढं लक्षात ठेवा.

आता क्लीव्हलँड, ३० ऑक्टोबर १९५८. इथं जरा थांबू, कारण इथला रुग्ण तुमच्यासारखाच घाबरून आडवा झाला असणार. वय २६, झडपेचा आजार. डॉ. मेसन सोन्स टेबलाखालच्या खड्ड्यात उभे राहून पडद्याकडे पाहताहेत. डाय, म्हणजे क्ष-किरणांत दिसणारा द्रव, महाधमनीत सोडायचा आहे, पण नळीचं टोक घसरून उजव्या हृदयरोहिणीत शिरतं आणि सुमारे ३० मिलिलिटर डाय थेट तिच्यात जातो. हृदयरोहिणीत असा डाय गेला तर माणूस वाचत नाही, असं तेव्हा सगळे मानत. हृदय थांबतं. छाती उघडायची तयारी म्हणून सोन्स खड्ड्यातून धडपडत वर येतात. मग ओरडतात, ‘खोका!’ तरुण शुद्धीवर आहे. तो खोकतो, पुन्हा खोकतो. तीन-चार वेळा. आणि हृदय पुन्हा चालू लागतं.

हृदयरोहिण्यांची अँजिओग्राफी जन्माला आली ती या अपघातातून. त्या क्षणी उपयोगी पडला तो जागा, ऐकणारा, सांगितलं तसं करणारा रुग्ण. आज डाय एका वेळी काही मिलिलिटरच सोडतात, आणि १९८९मध्ये माँट्रियलच्या लुसियाँ कॅम्पो यांनी मनगटातून जायची वाट दाखवली, त्यामुळे आता अनेकांना जांघेतून नळी घालावी लागत नाही.

सकाळ. कॅथलॅब थंडगार आहे. मनगटावर सुईची टोचणी, जागा बधिर होते. अखेर तुमच्या तोंडून निघतं, ‘डॉक्टर, मला भीती वाटते आहे.’ डॉक्टर थांबतात. बरं झालं बोललात, म्हणतात. भीतीनं अंगात ॲड्रिनलिन वाढतं, नाडी वाढते आणि मनगटातली रोहिणी आवळून नळी अडकू शकते. म्हणून मन शांत करणारं थोडं औषध शिरेतून देतात. तुम्ही कालच बोलला असतात तर कालची रात्रही सोपी गेली असती. नळी आत जाताना जाणवत नाही, रक्तवाहिन्यांना आतून स्पर्श कळत नाही. डाय गेल्यावर छातीत ऊब पसरल्यासारखं होतं. मध्येच आवाज येतो, ‘खोका.’ तुम्ही खोकता. आता तुम्हाला ठाऊक आहे, हे का सांगतात. अर्ध्या तासाच्या आत सगळं आटोपतं, मनगटावर पट्टा आवळला जातो आणि भरपूर पाणी प्यायला सांगतात.

संमतीपत्रातला तो शब्द खोटा नाही. पण निव्वळ तपासणीच्या अँजिओग्राफीत तो धोका साधारण हजारात एक किंवा त्याहूनही कमी असतो. मधुमेह, किडनीचा त्रास किंवा डायची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगितल्यावर काळजीही आधीच घेता येते. भीतीचंही तसंच आहे. ज्यांच्या घरात कुणाची अँजिओग्राफी ठरली असेल त्यांनी ‘काही होत नाही’ म्हणून विषय मिटवू नका, ‘भीती वाटते का?’ असं विचारा. आणि ज्यांची ठरली आहे त्यांनी रक्तदाब, साखर, चालू औषधं सांगतो त्याच यादीत भीतीही सांगा, आदल्या संध्याकाळीच, स्पष्ट शब्दांत.