वृत्तपत्रे आणि राजकारण (महाराष्ट्र)

वृत्तपत्राने सत्तेबाहेर उभे राहून सत्तेला जाब विचारावा, ही कल्पना प्रामुख्याने अमेरिकेच्या अनुभवातून रूढ झाली. १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने तेथे वृत्तपत्रस्वातंत्र्याला संरक्षण मिळाले, आणि वॉटरगेट प्रकरण ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने लावून धरल्यावर ऑगस्ट १९७४ मध्ये अध्यक्ष निक्सन यांना पायउतार व्हावे लागले. मराठी मुलखाला ही कल्पना अर्धीच लागू पडते. येथे संपादक आणि पुढारी बहुधा एकच माणूस असे, आणि एक मोठा पक्ष तर साप्ताहिकाच्या कचेरीतूनच बाहेर पडला.

बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ चे. राजकारण म्हणावे असे राजकारण मात्र १८८१ मध्ये निघालेल्या ‘केसरी’पासून सुरू झाले. कोल्हापूरच्या दिवाणांवरील मजकुराबद्दल टिळक आणि आगरकर यांनी १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. १८९६-९७ च्या दुष्काळात सरकारचाच दुष्काळविषयक कायदा ‘केसरी’ने शेतकऱ्याला समजावून सांगितला, पीक बुडाले तर साऱ्याची सूट मागणे हा हक्क आहे, हे अनेकांना त्यातून कळले. २२ जुलै १९०८ रोजी टिळकांना राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले. त्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. अंक एकाने वाचायचा आणि चाळीतल्या दहांनी ऐकायचा, त्यामुळे खपाच्या आकड्यावरून वजन मोजण्याची आजची रीत त्या काळाला लावता येत नाही.

‘केसरी’चा आवाज सर्वांचा नव्हता. कृष्णराव भालेकरांचे ‘दीनबंधु’ (१८७७) पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी चालवले आणि गिरणी कामगारांची बाजू मांडली. डॉ. आंबेडकरांचे ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले. त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली, तर ‘केसरी’ने पैसे देऊनही त्याची जाहिरात छापली नाही. कोणती बातमी येते याइतकेच काय छापायचे नाकारले जाते, यातही राजकारण असते.

‘सकाळ’ (१९३२) हा या परंपरेतला वेगळा प्रयोग. संस्थापक ना. भि. परुळेकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले होते. अग्रलेखापेक्षा बातमी मोठी आणि भाजीबाजार, पाणी, रस्ता हेही बातमीचेच विषय, हा धडा त्यांनी तिकडून आणला. १९८५ मध्ये ते पत्र राजकारणातल्या पवार कुटुंबाकडे गेले. ‘लोकमत’चे संस्थापक जवाहरलाल दर्डा काँग्रेसचे मंत्री होते, आणि नारायण राणे यांनी २००८ मध्ये ‘प्रहार’ काढले. पुढाऱ्याला साखर कारखाना आणि शिक्षणसंस्था असते, तसे वर्तमानपत्रही असावे लागते, असे थट्टेने म्हटले जाते. थट्टा फारशी उरलेली नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्रे यांचे ‘मराठा’ (१९५६) हे खरे तर आंदोलनाचे रोजचे व्यासपीठ होते. त्यानंतर १३ ऑगस्ट १९६० रोजी बाळ ठाकरे यांचे ‘मार्मिक’ आले. प्रकाशन यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते झाले. त्यात ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली मुंबईतल्या कंपन्यांमधल्या अमराठी अधिकाऱ्यांच्या याद्या येत. नुसती नावे, एकाखाली एक, बरीचशी टेलिफोन डिरेक्टरीतून उचललेली. लेख नाही, युक्तिवाद नाही. वाचक थंड बसले नाहीत. १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली. त्या पक्षाचा ‘सामना’ १९८८ चा. त्याचा अग्रलेख वाहिन्यांना आजही सकाळी बातमी म्हणून पुरतो, आणि कार्यकारी संपादक खासदार संजय राऊत यांच्या रोजच्या पत्रकार परिषदेला विरोधक ‘सकाळचा भोंगा’ म्हणतात.

वॉटरगेटच्या जवळ जाणारे प्रकरण बॅ. अंतुले यांचे. अरुण शौरी यांनी ३१ ऑगस्ट १९८१ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये सिमेंटचा कोटा आणि अंतुले यांच्या प्रतिष्ठानांना मिळालेल्या देणग्या यांचा संबंध जोडला; उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेल्यावर अंतुले यांनी जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडले. उलट टोकाचे प्रकरण २००९ च्या विधानसभा निवडणुकीतले. तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारा तोच मजकूर प्रतिस्पर्धी दैनिकांत शब्दशः आल्याचे पी. साईनाथ यांनी दाखवून दिले. चव्हाणांनी वृत्तपत्रीय जाहिरातींचा खर्च ५,३७९ रुपये दाखवला होता. निवडणूक आयोगाने २०१४ मध्ये त्यांच्याविरुद्ध निर्णय दिला, तो दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला. ‘पेड न्यूज’, म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी, हा शब्द मात्र राहिला.

मुंबईच्या वेशीवर हे सगळे लहान मापात दिसते. मीरा-भाईंदरची महानगरपालिका २००२ ची. हाटकेशसारख्या मराठी, गुजराती, मारवाडी, हिंदी बोलणाऱ्या मिश्र वस्तीत एकच पत्र सर्वांचे होऊ शकत नाही. शहरोशहरीची स्थानिक पत्रे पालिकेच्या निविदा, नगरसेवकांच्या वाढदिवसाच्या पुरवण्या आणि सोसायटीतले शेअर सर्टिफिकेट हरवल्याच्या जाहीर सूचना यांवर तग धरतात. वार्ताहराने बातमीबरोबर जाहिरातही आणायची असते. ज्याच्याकडून जाहिरात घेतली, त्याच्या प्रभागातल्या गटाराची बातमी करणे मग अवघड जाते.

येथे राजकारण हलवले ते मोबाइलने. पहिलीपासून हिंदीचा शासननिर्णय २९ जून २०२५ रोजी मागे घेतला गेला. त्याच सुमारास मीरा रोडच्या एका दुकानदाराला मराठी बोलण्याच्या वादातून मनसेच्या कार्यकर्त्यांनी मारहाण केली. चित्रफीत घरोघर पोहोचली, मग वाहिन्यांच्या गाड्या आल्या. ३ जुलैला व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून मोर्चा काढला. त्याला उत्तर म्हणून ८ तारखेला परवानगी नाकारलेला मराठी मोर्चा निघाला, आणि त्यात आलेले मंत्री प्रताप सरनाईक यांना घोषणा ऐकून परतावे लागले. लगेच पोलीस आयुक्त मधुकर पांडे यांची बदली झाली. १८ तारखेला मनसेचे राज ठाकरे यांनी मीरा रोडला सभा घेतली. ‘मार्मिक’च्या यादीला निदान संपादक होता, ही चित्रफीत कोणत्याच कचेरीतून गेली नव्हती.