कैदी की पेशंट? येरवड्याची दीडशे वर्षं

१९३० च्या सविनय कायदेभंगात दारूच्या दुकानांवर पिकेटिंग करणाऱ्या सत्याग्रहींची धरपकड होई आणि त्यांतल्या कितीतरी जणांची रवानगी येरवड्याला होई. दुकानात निमूटपणे बसून पिणाऱ्याला मात्र कोणी हटकत नसे. पिणारा बाहेर आणि ‘पिऊ नका’ म्हणणारा आत, असा तो न्याय होता. पुढं वीस वर्षांतच तो उलटा झाला. पिणाऱ्याला पेशंट समजणारं केंद्र येरवड्यात निघायला त्यानंतरही तीन तपं जावी लागली.

येरवड्याचं मध्यवर्ती कारागृह १८७१ चं. सात वर्षांनी, १८७८ मध्ये, मुंबई आबकारी कायदा आला आणि गावोगावच्या भट्ट्यांवर सरकारी अंमल बसला. परवानगीशिवाय दारू गाळणं हा गुन्हा, मक्तेदाराच्या दुकानातून विकत घेऊन पिणं हा महसूल. पुण्यात या कारभाराचा परिणाम लगेच दिसला. महात्मा फुले तेव्हा पुणे नगरपालिकेचे सभासद होते. शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांबद्दल १८८० मध्ये त्यांनी नगरपालिकेला पत्र लिहून हरकत घेतली. १९०८ च्या उन्हाळ्यात टिळकांच्या पुढाकारानं स्वयंसेवक पुण्यातल्या दुकानांसमोर उभे राहिले, गिऱ्हाइकाला हात जोडून परत फिरवू लागले, आणि सरकारनं त्यांच्यावर पोलीस घातले. जूनमध्ये टिळकांनाच राजद्रोहाच्या खटल्यात अटक झाली. फुल्यांच्या पत्रापासून टिळकांच्या स्वयंसेवकांपर्यंत सगळा भर दुकान हटवण्यावर होता. ज्याचं पिणं सुटतच नाही अशा माणसाचं करायचं काय, हा प्रश्न ना सरकारपुढं होता ना सुधारकांपुढं.

अपवाद एका चौकशीचा. हिंदुस्थान सरकारनं १८९३ मध्ये गांजा, भांग, चरस यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. गांजानं माणूस वेडा होतो, अशी सरकारदरबारी पक्की समजूत होती आणि तिला आधार होता वेड्यांच्या इस्पितळांमधल्या नोंदवह्यांचा. आयोगानं १८९२ सालच्या नोंदी एकेक करून पुन्हा तपासायला घेतल्या, तेव्हा भलतंच काही बाहेर आलं. रोग्याला आणून सोडणारे बहुधा पोलीस असत. वेडाचं कारण लिहायच्या रकान्यात दुसरं काही सुचलं नाही की ‘गांजा’ लिहून मोकळं होत, आणि डॉक्टर तेच पुढं उतरवून घेत. आयोगाच्या तपासणीत यातल्या बऱ्याच नोंदी टिकल्या नाहीत. पोलिसाच्या कागदावरून माणसाचा आजार ठरवू नये, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारं आपल्याकडचं हे बहुधा पहिलंच संशोधन असावं. अहवालाचे जाडजूड खंड छापले गेले आणि कपाटात गेले.

स्वातंत्र्यानंतर पारडं फिरलं. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ मध्ये झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. तिचे कट्टर पुरस्कर्ते गृहमंत्री मोरारजी देसाई. आता नुसतं पिणंही गुन्हा ठरलं. पण कायद्यात एक गंमत राहिली: परमिट. प्रकृतीसाठी दारू आवश्यक आहे असा डॉक्टरचा दाखला आणला की सरकार ‘हेल्थ परमिट’ देई. म्हणजे ज्याच्याकडे डॉक्टर, दाखला आणि फीचे पैसे तो कागदोपत्री रुग्ण. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही तो हातभट्टीवर जाणारा आरोपी. दारूच्या संदर्भात ‘आरोग्य’ हा शब्द सरकारी कागदावर आला तो पिणाऱ्याला सोडवण्यासाठी नव्हे, पिऊ देण्यासाठी! साठच्या दशकात वसंतराव नाईकांच्या काळात बंदी सैल झाली, तरी कायदा उभाच राहिला. परमिट आजही आहे आणि त्यावरचा आरोग्याचा उल्लेखही.

मग ऐंशीच्या दशकात गर्द आली. अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या बाजूनं येणारी ब्राऊन शुगर मुंबईत पसरली आणि पाठोपाठ पुण्यात. पन्नीवर पुडी ओतायची, खालून काडी धरायची, नळीनं धूर ओढायचा. काही दिवसांत ती मिळाली नाही की ‘टर्की’ लागते: नाकाडोळ्यांतून पाणी, हाडं मोडल्यासारखं दुखणं, उलट्या, झोप नाही. ती टाळायला पुडी हवी आणि पुडीला रोज पैसे हवेत. आधी घरातली भांडी जातात, मग शेजारच्याची सायकल. गर्दुल्ला पोलिसांच्या वहीत येतो तो बहुतेकदा असा, नशेपेक्षा चोरीच्या कलमाखाली. ही बाब पुढं महत्त्वाची ठरते.

अनिल अवचटांनी गर्दवर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि उपचार केंद्रासाठी त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. अनिल अवचटांच्या पत्नी डॉ. सुनंदा (अनिता) अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. त्याच आवारातल्या एका इमारतीत २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ सुरू झालं. पाच आठवड्यांचा मुक्काम, टर्कीच्या दिवसांत औषधं, नंतर समुपदेशन आणि गटचर्चा, बायकोसाठी-आईसाठी वेगळ्या बैठका, घरी गेल्यावर फॉलोअप. इथं बरे झालेले काही जण इथंच कार्यकर्ते झाले. नव्यानं आलेला पेशंट थापा मारू लागला की समोरचा हसून म्हणणार, ‘ह्या थापा मीही मारल्यात.’ कोणत्याही शिपायाला हे जमणारं नव्हतं. सुनंदाताई १९९७ मध्ये गेल्या. त्यांच्यामागं मुक्ता पुणतांबेकर यांनी काम पुढं नेलं आणि संस्था येरवड्यातच स्वतःच्या वास्तूत गेली.

योगायोग असा की मुक्तांगणच्या आधी साडेनऊ महिने, १४ नोव्हेंबर १९८५ ला, अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा लागू झाला होता. शिक्षांच्या कडकपणाबद्दल तो गाजला, पण त्याच्या पोटात ३९ वं कलम आहे. नशा केल्याबद्दल किंवा अल्प प्रमाणात माल बाळगल्याबद्दल दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला, त्याची संमती असेल तर, न्यायालय तुरुंगाऐवजी मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला पाठवू शकतं. वर्षभराच्या आत त्यानं उपचाराचा अहवाल घेऊन पुन्हा न्यायालयापुढं यायचं. १९८९ मध्ये ६४-अ कलम जोडलं गेलं: आपणहून उपचार घेणाऱ्या व्यसनीवर अशा छोट्या गुन्ह्यासाठी खटलाच नाही, मात्र उपचार अर्धवट सोडले तर ही सूट काढून घेता येते.

वाचायला हे छानच आहे. घोडं कुठं अडतं ते त्या गर्दुल्ल्याच्या सायकलीकडे पाहिलं की कळतं. तो चोरीच्या गुन्ह्यात आत आला असेल तर ३९ वं कलम त्याला लागूच होत नाही. नशेच्या कलमाखाली आला असला तरी आधी दोषी ठरायला हवा; आणि भारतातल्या तुरुंगांत दर चारांतले सुमारे तीन कैदी कच्चे, म्हणजे खटला संपायची वाट पाहणारे. टर्की खटल्याच्या निकालापर्यंत थांबत नाही. ती पहिल्या दोन-तीन दिवसांत, बराकीतच येते.

तुरुंग आणि इस्पितळ एकाच छपराखाली आणायचा प्रयोग अमेरिकेनं १९३५ मध्येच केला होता. केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या ‘नार्कोटिक फार्म’मध्ये शिक्षा झालेले कैदी आणि आपणहून आलेले रुग्ण शेजारी शेजारी राहत. बाहेर पडलेल्यांचा संशोधकांनी वर्षानुवर्षं माग काढला, तेव्हा बहुतेक जण पुन्हा नशेकडे वळलेले आढळले. मायामीत १९८९ मध्ये खास ड्रग कोर्ट सुरू झालं. तिथं न्यायाधीशच उपचाराचा पाठपुरावा करतो. २००७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातून सुटलेल्या तीस हजारांवर कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत नशेच्या अतिमात्रेनं मरण्याचा धोका सामान्य लोकांच्या तुलनेत १२९ पट निघाला. कारण साधं आहे. आत राहून शरीराची सवय मोडलेली असते आणि बाहेर आल्यावर माणूस जुनाच डोस घेतो. मुक्तांगणमध्ये फॉलोअपला जे महत्त्व आहे, त्याचं समर्थन या आकड्यात सापडतं. आपल्याकडच्या तुरुंगाच्या फाटकाबाहेर मात्र सुटलेल्या माणसाची वाट पाहत बहुधा रिक्षावालाच असतो.

अलीकडे पुण्यात हा विषय चर्चेला आला तो उपचारामुळं नव्हे. सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस ससून रुग्णालयाच्या आवाराबाहेर सुमारे दोन कोटींचं मेफेड्रोन हे अमली द्रव्य पकडलं गेलं आणि त्याचे धागे कैद्यांसाठी राखीव असलेल्या १६ नंबरच्या वॉर्डात जाऊन पोहोचले. दोनच दिवसांनी संशयित सूत्रधार तिथून पळाला. आजारपणाच्या नावाखाली तो महिनोन्‌महिने वॉर्डात मुक्कामाला होता. पुढच्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी दीड टनाहून अधिक मेफेड्रोन पकडलं, त्यातलं काही विश्रांतवाडीच्या गोदामातून, म्हणजे मुक्तांगणपासून हाकेच्या अंतरावर. मेफेड्रोनच्या बाबतीत कायद्यानं ‘अल्प प्रमाणा’ची मर्यादा ठरवलीय दोन ग्रॅम. त्याहून कमी मालासह पकडलेला कॉलेजातला व्यसनी मुलगा आज शिवाजीनगर न्यायालयात उभा राहिला, तर ६४-अ कलमाखाली उपचाराची वाट त्याला मोकळी आहे. फक्त त्याच्या वकिलाला ते कलम आठवायला हवं.