पीआयपी-२ हा नुसता कच्चा माल नव्हे

पेशीविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात एक आकृती हमखास असते. संप्रेरक पेशीवरल्या ग्राहीला चिकटते, फॉस्फोलायपेज-सी हे विकर जागे होते आणि पटलातल्या पीआयपी-२ या मेदरेणूचे दोन तुकडे करते. एक तुकडा, आयपी-३, पेशीद्रवात उतरून कॅल्शिअमचा साठा मोकळा करतो. दुसरा, डायॲसिलग्लिसेरॉल, पटलातच राहून प्रोटीन कायनेज-सीला कामाला लावतो. आकृती खरी आहे. तिच्यामागे लोवेल आणि मेबेल होकिन या दांपत्याने कबुतराच्या स्वादुपिंडाच्या कापांवर केलेले आणि १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग आहेत, रॉबर्ट मिचेल यांचे १९७५ मधले धाडसी अनुमान आहे, आणि आयपी-३ कॅल्शिअम सोडतो हे १९८३ मध्ये सिद्ध करणाऱ्या मायकेल बेरिज व सहकाऱ्यांचे काम आहे. माझा आक्षेप आकृतीवर नाही, तिच्यातून जो अर्थ काढला जातो त्यावर आहे. निरोप देतात ते तुकडे आणि अख्खा पीआयपी-२ म्हणजे ते पाडण्यासाठी पटलात साठवलेला कच्चा माल, असा तो अर्थ. तो चुकीचा आहे, आणि त्याने संशोधकांना बराच काळ आडवाटेला नेले.

१९८० मध्ये डेव्हिड ब्राउन आणि पॉल ॲडम्स यांनी बेडकाच्या चेतापेशींतल्या एका पोटॅशिअम प्रवाहाचे वर्णन केले. हा 'एम-प्रवाह' पेशीला लगाम घालतो. ॲसिटिलकोलीन आले की तो मंदावतो आणि पेशी सहज उत्तेजित होते. ग्राही ओळखीचा होता, फॉस्फोलायपेज-सी कामाला लागते हेही कळले, पण हा प्रवाह वाहून नेणारे चॅनल बंद करणारा निरोप्या काही हाती लागेना. आयपी-३ तपासला, कॅल्शिअम तपासले, प्रोटीन कायनेज-सी तपासले. हिशेब जुळेना. दोन दशके शोध बहुतांशी तुकड्यांभोवतीच फिरत राहिला.

बर्टिल हिल आणि टोबायस मायर यांच्या गटांनी २००६ मध्ये केलेल्या प्रयोगाने हा वाद मिटवला. त्याची मांडणी बारकाईने पाहावी अशी आहे. यीस्टमधले एक फॉस्फेटेज पेशीद्रवात मोकळे ठेवले. ते पीआयपी-२ च्या पाचव्या स्थानावरचा फॉस्फेट तेवढा काढते, रेणूचे दोन तुकडे करत नाही. रॅपामायसिनच्या जातीचा एक रेणू टाकला की हे विकर पटलाशी ओढले जाते. पीआयपी-२ संपतो, पण आयपी-३ तयार होत नाही, डायॲसिलग्लिसेरॉल तयार होत नाही, कॅल्शिअम जागचे हलत नाही. तरीही चॅनलचा प्रवाह झपाट्याने शून्यावर आला. उलट, पीआयपी-२ बनवणारे विकर पटलाशी आणले तेव्हा तो ३० टक्क्यांनी वाढला. चॅनल उघडे राहायला अख्खा पीआयपी-२ लागतो, आणि त्याचे नाहीसे होणे हाच निरोप. डोनाल्ड हिल्गेमन यांनी हृदयपेशींवरच्या कामातून १९९६ मध्येच हे सुचवले होते. त्याच वेळी पाठ्यपुस्तके बदलायला हवी होती.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे. मेदरेणू खरोखर संकेत देत असतील, तर त्यांना नेमके ओळखणारी प्रथिने हवीत. मेदरेणूंना धरणारे प्रथिनांचे भाग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, यीस्टमधल्या ३३ पीएच डोमेनची २००४ मध्ये तपासणी झाली, तेव्हा एकाच डोमेनची पकड घट्ट आणि नेमकी निघाली. पण यातून सिद्ध होते ते इतकेच, की मेदरेणू एकट्याने बोलत नाही. ईईए-१ हे प्रथिन एंडोसोमवर, म्हणजे पेशीच्या आतल्या वाहतुकीच्या पिशवीवर, बसते ते पीआय-३-पी हा मेदरेणू आणि रॅब-५ हे प्रथिन दोन्ही एके ठिकाणी सापडले तरच. दोन्ही पुरावे मागणारी व्यवस्था एका पुराव्यावर चालणारीपेक्षा कमी फसते. पकड सैल आहे म्हणून मेदाला बिनमहत्त्वाचा ठरवणे हा तर्क मला मान्य नाही.

आजारांकडे पाहिले की कच्च्या मालाची कल्पना आणखीच लंगडी पडते. लो सिंड्रोममध्ये मुलगे जन्मतःच मोतीबिंदू घेऊन येतात, स्नायू शिथिल असतात, बौद्धिक वाढ खुंटते, आणि मूत्रपिंडातून प्रथिने, फॉस्फेट, बायकार्बोनेट वाहून जातात. १९५२ मध्ये वर्णन झालेल्या या आजाराचे ओसीआरएल हे जनुक १९९२ मध्ये सापडले. त्याचे विकर पीआयपी-२ चा पाचवा फॉस्फेट काढते. ते नसले की एंडोसोमवर, जिथे पीआयपी-२ असू नये तिथे, तो साचतो. मग मूत्रपिंडाच्या नलिकेत गाळलेली प्रथिने परत उचलणारा मेगॅलिन हा ग्राही पृष्ठभागावर नीट परतत नाही. कोठारात माल थोडा जास्त राहिला म्हणून मूल आजारी पडत नाही. इथे ते पडते, कारण चुकीच्या जागी असलेला हा रेणू चुकीचा हुकूम देत असतो.

पीटेनची गोष्ट तर सगळ्यात बोलकी. अनेक कर्करोगांत हरवलेले हे जनुक १९९७ मध्ये सापडले. त्याची घडण प्रथिनांवरचे फॉस्फेट काढणाऱ्या विकरांसारखी, त्यामुळे त्याचे सावज प्रथिनच असणार असे धरून चालले होते. मायेहामा आणि डिक्सन यांनी १९९८ मध्ये दाखवले की ते पीआयपी-३ या पटलातल्या मेदरेणूचा तिसरा फॉस्फेट काढते. काउडेन सिंड्रोमच्या काही रुग्णांत पीटेनच्या १२९ व्या स्थानी ग्लायसिनऐवजी ग्लुटामेट आढळते. असे विकर प्रथिनावरचा फॉस्फेट काढू शकते, पीआयपी-३ वरचा मात्र नाही. आणि त्या माणसांना गाठी होतात, कर्करोगाचा धोका वाढतो. पीआयपी-३ हा पीआयपी-२ पासूनच बनतो हे खरे, पण तो पटल सोडून कुठे जात नाही, तुटत नाही. अख्खाच राहून एकेटी या कायनेजला जवळ बोलावतो.

म्हणूनच पीआयपी-३ बनवणारे विकर रोखणारी औषधे आली. स्तनाच्या कर्करोगासाठी २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले अल्पेलिसिब त्यांतलेच. ते घेणाऱ्या अनेक रुग्णांची रक्तशर्करा चढते आणि डॉक्टरांना गाठीबरोबर साखरेवरही नजर ठेवावी लागते, कारण यकृतात आणि स्नायूंत इन्सुलिनचा निरोपही याच पीआयपी-३ मधून जातो.