आढ्यवात

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातरक्ताची, म्हणजे गाऊटची, जी पर्यायनामे दिली आहेत, त्यांत ‘आढ्यवात’ हे एक असून, मिष्टान्नाची चटक असलेल्या, सुकुमार आणि चालण्याचा सराव सुटलेल्या माणसांना हा विकार जडतो असेही तेथे नमूद असल्यामुळे, आढ्यता, म्हणजे श्रीमंती, आणि पायाचे हे दुखणे यांचा संबंध आपल्या वैद्यांनी केवढ्या पूर्वी ओळखला होता, याची साक्ष ते एक नावच देते. सुश्रुताने तर पायाच्या मुळाशी ठाण मांडून उंदराच्या विषासारखे देहभर सरकणारे दुखणे, असे त्याचे वर्णन केले आहे; मध्यरात्री सुजलेल्या अंगठ्यावर पांघरुणाचा स्पर्शही न सोसणारा माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला ही उपमा अतिशयोक्तीची वाटणार नाही.

हकीम या व्याधीला नक्रस म्हणत आणि सुरंजानाचा कंद देत. त्याच कुळातील कोल्चिकमच्या झाडापासून १८२० मध्ये पेल्तिए आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनज्ञांनी कार्यकारी द्रव्य वेगळे काढले, आणि १८४८ मध्ये लंडनच्या गॅरड यांनी रोग्याच्या रक्तात युरिक आम्ल वाढलेले असते हे दाखवून दिले.

कोल्चिकम होमिओपॅथीच्या पेटीतही आले, मात्र हानेमानच्या पद्धतीने विरल होत होत मूळ द्रव्याचा जवळजवळ मागमूस न उरलेल्या स्वरूपात. ही विद्या १८३९ मध्ये होनिगबर्गर या वैद्याने लाहोरला रणजितसिंहांच्या दरबारी आणली, आणि १८६७ मध्ये कलकत्त्याच्या महेंद्रलाल सरकार यांनी, स्वतः पाश्चात्त्य वैद्यकाचे एम. डी. असूनही, तिचा जाहीर पुरस्कार केल्यावर तिला सुशिक्षितांत प्रतिष्ठा लाभली. आपल्याकडेही कांदा, हिंग, कॉफी वर्ज्य करून त्या पांढऱ्या साखरगोळ्या घेणारी घरे थोडी नव्हती.

आता, या आजाराचा झटका बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप ओसरतो, आणि त्या काळात जी गोळी पोटात गेली असेल तिच्या पदरी यश पडते, हे ध्यानी घेतले म्हणजे रुग्णांची श्रद्धा प्रामाणिक असूनही ती पुरावा का ठरत नाही, हे उमगते. विरल गोळ्यांनी युरिक आम्ल उतरते असे सिद्ध झालेले नाही. १९६० नंतरच्या दशकात प्रचारात आलेल्या ॲलोप्युरिनॉलने मात्र ते उतरते. असे असले तरी मद्य सोडा, मांस कमी करा, वजन उतरवा, हा जो हुकूम होमिओपॅथ गोळीसोबत फर्मावीत, त्याचा उपकार मी नाकारणार नाही. दिवसाची झोप वर्ज्य करून जुने जव आणि साठीचा भात खायला सांगणाऱ्या चरकाचाच तो वंशज होता.